तीस दिवसांतून शून्य

आमच्या वस्तीत आजारी पडायची सोय नाही. फरशीच्या कारखान्यात तीन खाडे झाले की चौथ्या दिवशी तुमच्या मशीनवर दुसरा उभा असतो, आणि तो बहुतेक तुमचाच चुलतभाऊ असतो, म्हणजे भांडायचीही पंचाईत. त्यामुळे ताप आला तर माणूस तापासकट कामावर जातो. पाय मुरगळला तर लंगडत जातो. माझा लेक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर होता आणि बाप गेला त्याच्या चौथ्या दिवशी. हे मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे. आता जरा कमी सांगते.

टॅबवाली आली त्या सकाळी मी लेकाचे कामाचे कपडे धूत होते. हे काम मी सुनेला देत नाही. आधी वाऱ्याकडे पाठ करून कपडे झटकायचे, मग तीन पाण्यांतून काढायचे. पहिलं पाणी चुन्याच्या निवळीसारखं पांढरं निघतं. तिसरंही स्वच्छ नसतं, पण चौथ्या पाण्याइतका वेळ नळ टिकत नाही.

"आजी, आरोग्याची पाहणी आहे. तुमचं घर निवडलं गेलंय," ती म्हणाली. विशीबाविशीची पोर, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा टॅब.

"आजी कोणाला म्हणतेस? माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत."

"बरं, मावशी."

"कोणी निवडलं आमचं घर?"

"कॉम्प्युटरने. दोनशे पंधरा घरांतून पाच."

"मग बरी अक्कल आहे त्याला," मी म्हटलं आणि हात पुसून तिला आत बसवलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं. वस्तीत नळावरचं भांडण असो की कोणाच्या घरची मयत, माणसं आधी माझ्याकडे येतात. कॉम्प्युटरलाही ते कळलं असं वाटलं.

घरात माणसं किती, ते मी सांगितलं. मी, लेक, सून आणि दहा वर्षांची नात. लेक कामावर होता. ती म्हणाली, "हरकत नाही. घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या वतीने सांगू शकतं." हे तर मी जन्मभर करत आले.

"तुमच्या मुलाची तब्येत एकंदर कशी आहे? खूप चांगली, चांगली, ठीक, वाईट, खूप वाईट?"

"खूप चांगली."

"गेल्या तीस दिवसांत तब्येतीमुळे किती दिवस त्यांना रोजचं काम करता आलं नाही?"

"शून्य." हे मात्र शपथेवर खरं होतं.

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला?"

आत भांडं आपटलं. सुनेला काही म्हणायचं असलं की आधी भांडी बोलतात, मग ती. पाण्याचा पेला घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "आई, ह्यांना सकाळी..."

"पाणी दे आणि आत जा. नळ जायची वेळ झाली."

ती आत गेली. मी टॅबवालीकडे वळून म्हटलं, "कोणाला नाही."

आता हे मी का केलं, ते कोणाला वेड्यासारखं वाटेल. पण आदल्याच वर्षी आमच्या मागच्या घरातल्या ढोल्याने कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं होतं की चढ चढताना दम लागतो. नाव ढोल्या, कारण तो खरंच ढोलासारखा होता. आता पट्टा तीन भोकं आत गेलाय तरी नाव तेच. डॉक्टरने छाती तपासली, मान हलवली, चिठ्ठी लिहिली. आठवड्यात मालकाने ढोल्याला घरी बसवला. म्हणाला, विश्रांती घे. ती विश्रांती अजून चालू आहे. टॅबमध्ये बोललेलं कुठे जातं, हे मला कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण टॅबवाली पुढच्या घराकडे निघाली तेव्हा मी म्हटलं, "चल, मी येते बरोबर. कुत्री फार आहेत इकडे." कुत्री होतीच. पण कुत्र्यांसाठी मी गेले नव्हते.

चारही घरांत ती म्हणायची, "मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा, हे प्रश्न खासगी असतात." मी थांबायची. दारातच. दार उघडं. कमरेवर हात. शिंपिणीच्या घरी तर आत नवरा खोकत होता, रात्रपाळी करून आडवा झालेला. शिंपिणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

"खोकला?" टॅबवालीने विचारलं.

"ठसका लागलाय," शिंपीण म्हणाली. "खाताना."

"झोपेत खातात का?" पोरगी तशी हुशार होती. पण दिवसभरात तिला तीस घरं करायची होती. तिने बोट टेकवलं आणि पुढे सरकली.

त्या संध्याकाळी सून माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, रुसवा दोन दिवसांचा. घर नीट राहिलं की सुना आपोआप नीट होतात.

दहा महिने गेले. लेकाचा खोकला पहाटेचा होता तो दुपारचाही झाला. तरी तो म्हणायचा, धूळ गेली घशात. एक दिवस नात शाळेतून बक्षीस घेऊन आली, त्याने तिला कौतुकाने खांद्यावर उचलायला घेतलं आणि अर्ध्यावरच खाली ठेवली. "जड झालीस गं," म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. नात काही जड झाली नव्हती. काडीसारखी पोर ती. ओठांभोवती त्याला निळसर सावली आली होती. तशी सावली मी एकदा पाहिलेली आहे, आणि कोणाच्या तोंडावर पाहिली ते मला कोणी विचारू नये.

त्या दिवशी सुनेने मला न विचारता ठरवलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी छातीचा डॉक्टर यायचा, बरोबर एक गाडी असायची, तिच्यात नळीत फुंकायचं मशीन होतं. आमच्या वस्तीतलं कोणी उजेडात तिकडे फिरकायचं नाही, हा भाग वेगळा. "येत्या मंगळवारी पाळी सुटली की ह्यांना घेऊन जाणार," ती म्हणाली. लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत राहिले. माझं गप्प बसणं म्हणजे परवानगी, हे घरात सगळ्यांना कळतं.

मंगळवारी तिघं गेली आणि पंधरा मिनिटांत परत आली.

"एवढ्यात?" मी म्हटलं.

सुनेने पिशवी खुंटीला अडकवली. नातीने दवाखान्याच्या फळ्यावरचं तोंडपाठ करून आणलं होतं, शाळेत कविता म्हणतात तसं हात मागे बांधून तिने म्हटलं, "या वस्तीचे आरोग्यमान समाधानकारक आढळल्याने, मंगळवारची छातीची तपासणी व फिरती गाडी अधिक गरज असलेल्या भागात हलवण्यात आली आहे." मग तिने विचारलं, "आई, आढळल्याने म्हणजे?"

"म्हणजे आजीने सांगितल्याने," सून म्हणाली.

लग्नाला बारा वर्षं झाली, इतकं तोडून ती मला कधी बोलली नव्हती. आज बोलली. मला! लेक खाली बसून चपलेचा पट्टा सोडवत होता. तेवढ्यानेही त्याला धाप लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच आरोग्याच्या मोठ्या कचेरीत गेले. तीन ठिकाणी विचारलं, दोन ठिकाणी भांडले, आणि शेवटी एका खोलीसमोर मला उभं केलं. दारावर जो शब्द होता तो मला वाचता येईना. चौथीपर्यंतच्या पुस्तकात तो नव्हता. आत एक सडपातळ माणूस, चष्मा कपाळावर, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. शिपाई म्हणाला, हेच आकडेसाहेब.

"साहेब, मी खोटं बोलले," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "आता खरं सांगते. लिहून घ्या."

त्याने डबा बंद केला, मला बसवलं, पाणी मागवलं. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी कसं बोलायचं ते मला चांगलं येतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, पण तुमचं घर कुठलं ते मला माहीत नाही."

"हे काय, सांगितलं की आत्ता. वस्तीतलं."

"तसं नाही. इथे आमच्याकडे नावं नसतात, घरनंबर नसतात. आकडे आले की ते पुसून टाकतो. कोणी काय सांगितलं ते कोणालाच कळू नये म्हणून."

"मालकाला पण नाही?"

"मालकाला तर नाहीच नाही. मलासुद्धा नाही."

मी पेला खाली ठेवला. म्हणजे ज्या भीतीपायी मी पाच घरांची तोंडं बंद केली, त्या भीतीला इथवर वाटच नव्हती. माझं खोटं तेवढं वाट काढत इथे येऊन बसलं होतं, आणि आता नाव पुसल्यामुळे त्याला हाताला धरून बाहेर काढायचीही सोय उरली नव्हती.

"पाच घरांनी काय होतंय साहेब?" मी म्हटलं. "दोनशे दहा घरं आहेत अजून. त्यांना विचारा."

"प्रत्येक घरात जाणं जमत नाही, म्हणून पाच घेतो. त्यातलं एकेक घर त्रेचाळीस घरांच्या वतीने बोलतं. तुमच्याकडे एकाची तब्येत चांगली, की आम्ही धरतो त्रेचाळीस घरांत तशीच चांगली."

दुसरी वेळ असती तर माझी छाती फुगली असती. त्रेचाळीस घरं माझ्या तोंडाने बोलली! मी फक्त विचारलं, "मग मी बोलले ते..."

"हो," तो हळू म्हणाला.

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. नकाशा होता. आमची वस्ती हिरवीगार, एखाद्या बागेसारखी. नाल्यापलीकडे बाटल्या निवडणाऱ्यांची वस्ती आहे, ती लालभडक. तिथल्या बायका आम्हाला नेहमी रडव्या वाटायच्या. पोटात दुखतं, पाठ धरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, जो भेटेल त्याला सांगत सुटायच्या. आमची गाडी आता त्यांच्याकडे उभी राहते. बरंच झालं म्हणायचं, त्यांनाही फुप्फुसं आहेतच.

"हा आकडा बघा," तो म्हणाला. "तीस दिवसांत काम बुडालेले दिवस, पाचही घरांत शून्य. मला तेव्हाच जरा नवल वाटलं होतं. पण शून्य म्हणजे चूक असं काही म्हणता येत नाही."

"ते चूक नाहीच साहेब. आमच्याकडे काम बुडत नाही."

"आजारी असले तरी जातात?"

"मग काय घरी बसतील?"

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हा प्रश्न आमच्या फॉर्मात नाही," तो म्हणाला.

"मग मेलेली माणसं तरी मोजत असाल ना?"

"मोजतो. मृत्यूच्या नोंदी बघतो." त्याने दुसरं काहीतरी उघडलं. "तुमच्या भागात सात वर्षांत छातीच्या आजाराने गेलेला एकच माणूस आहे. बाकी सगळे वय, हृदय, अशक्तपणा."

आता हे कोणाला सांगावं? मयत झाली की घरच्या बायका रडत असतात, पुरुष लाकूडफाटा, माणसं, वेळ बघत असतात. नोंद करायला कोणीतरी शहाणं माणूस लागतं. वस्तीत शहाणी मीच. कारकून खिडकीतून विचारायचा, कशाने गेले? मी सांगायची, वयाने. मागे राहिलेल्या भावाला, पोराला कारखान्यात कामाला ठेवायला नको का? छाती म्हटलं की मालक त्या घरातलं माणूस घेत नाही. आमचे हेसुद्धा वयानेच गेले. वय एक्कावन्न. कारकुनाने एकदा वर पाहिलं होतं आणि लिहिलं होतं.

"साहेब, खरं सांगायचं तर..." मी सुरुवात केली आणि थांबले. सात वर्षांची मढी कुठवर उकरणार?

त्याने एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "एक करता येईल. तुमच्या वस्तीतल्या पंचवीस जणांनी लेखी दिलं, नाव, काम आणि खोकला किती दिवसांचा एवढंच, तर मी विशेष तपासणीसाठी वर पाठवतो. बघतील ते. नाहीतर मग पुढची पाहणी तीन वर्षांनी."

तीन वर्षं. आमच्या ह्यांचा खोकला सुरू झाल्यापासून मी दिवस मोजले नव्हते, पण ते गेल्यावर मोजले. खोकल्यापासून मयतीपर्यंत अडीच वर्षं लागली होती.

परत आले आणि नातीच्या वहीचे चार कागद फाडून घेतले. वर तिच्याकडून रेघा मारून घेतल्या. पंचवीस म्हणजे काय, मला वाटलं होतं की एका दुपारचं काम. अख्ख्या वस्तीला मी पाच मिनिटांत नळावरून हटवते.

पहिल्यांदा शिंपिणीकडे गेले. ती मशीनवर बसली होती, शिवतच राहिली.

"नवऱ्याचं नाव घाल यात."

"कशाला?"

"खोकला आहे ना त्याला."

"कोण म्हणालं?" तिने दोरा दाताने तोडला. "ठसका लागतो कधी कधी."

"माझ्यापुढे नाटक करू नकोस. वर्षभर ऐकतेय मी."

"मावशी, तुमच्यापुढेच तर शिकलो आम्ही," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी दोन ऐकवल्या असत्या. "आणि कारखान्याच्या फाटकावर काय लावलंय पाहिलंत का? मालकाने त्या पाहणीचा कागद मोठा करून काचेत बसवलाय. 'आमच्या कामगारांची वस्ती निरोगी वस्ती.' आता त्याच्या खाली माझ्या नवऱ्याचं नाव आजारी म्हणून गेलं, तर उद्या मशीनवर कोण उभं राहणार? मी?"

मी म्हटलं, हे कागद मालकाकडे जाणार नाहीत, नावं पुसतात. ती म्हणाली, मग नावं मागतात कशाला? या वेळी खरंच नाव लागत होतं.

दुसऱ्या घरी कोणी कडी काढली नाही. आत रेडिओ चालू होता, तो बारीक झाला. तिसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "आम्ही सगळे ठणठणीत आहोत, तुझ्या घरचं बघ." मुकादमाच्या बायकोने मला बसवलं, चहा दिला, माझ्या सुनेची चौकशी केली, आणि निघताना म्हणाली, "मावशी, कागद मात्र परत आणू नका हं. ह्यांना आवडायचं नाही." अशी मी चार दिवस फिरले. लोक वाईट नव्हते. कोणी मला हाकललं नाही. फक्त माझ्याकडून घेतलेलं सगळं मला जसंच्या तसं परत देत होते.

ढोल्या मात्र दारात खुर्ची टाकून वाटच पाहत असल्यासारखा बसला होता. "आण इकडे," म्हणाला. "माझं काय जाणार आता? बसवलेल्याला कोण बसवतो?" सही करायला त्याला तीनदा थांबावं लागलं. अक्षर मात्र मोत्यासारखं. "आणि मावशी," तो म्हणाला, "दवाखान्यात गाडी होती तेव्हा मी म्हणालो होतो, चला रे सगळे. तेव्हा तूच म्हणालीस, ढोल्याला आता उद्योग नाही."

म्हणाले होते. मी मान हलवली आणि कागद घडी केला.

तीन सह्या झाल्या. ढोल्याची, सुनेची, आणि माझी. चौथी लेकाची, असं धरून मी संध्याकाळी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"माझं नाव नको घालूस," तो म्हणाला.

"अरे, तुझ्यासाठीच तर चाललंय हे."

"म्हणूनच सांगतोय. काम गेलं तर हिच्या एकटीच्या पॅकिंगच्या मजुरीवर घर चालेल का? मला काही झालेलं नाही. महिन्यात एक खाडा दाखव माझा." त्याने हात पसरला, जणू माझ्याकडेच हजेरीपुस्तक आहे. "दाखव. एक."

सून उठून बाहेर गेली. मी त्याच्या छातीकडे पाहत बसले. सदऱ्याआड ती वरखाली होत होती, धावून आलेल्या माणसासारखी. आणि तो तर तासभर एका जागी बसला होता.

तीन सह्यांचा कागद मी आकडेसाहेबाकडे नेऊन दिला. त्याने घेतला. पाठवतो म्हणाला. त्याच्या तोंडावरून कळलं की तीन म्हणजे काहीच नाही, तरी त्याने तो नीट फायलीत ठेवला. मला वाटतं, माझं मन राखायला.

मग उरलं मोठं हॉस्पिटल, बस बदलून दोन तास. लेकाला मी सुट्टीच्या दिवशी तिथे नेलं. कसं नेलं? डोळ्यांचं दाखवायचंय म्हणून, माझ्या डोळ्यांचं. आत गेल्यावर नाव मात्र त्याचं घातलं. तो काही बोलला नाही. ओरडायला श्वास लागतो.

साडेचार तास बाकावर बसून आमचा नंबर आला. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर कागदांचा ढीग, आमच्या मागे माणसांची भिंत.

"किती दिवसांपासून त्रास आहे?"

"चार-पाच दिवस," लेक म्हणाला.

मी म्हटलं, "दोन वर्षं!"

"आजी, त्यांना बोलू द्या." तिने मला आजी म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं. "काम काय करता?"

"पॅकिंगला आहे."

"खोटं बोलतोय. फरशी घासतो, बारा वर्षं. बाप पण तिथेच..."

"होतो पूर्वी," लेक म्हणाला. अगदी शांत, हसून. "सोडलं ते. आईला काळजी करायची सवय आहे."

डॉक्टरीणही थोडी हसली. तिने छातीला नळी लावली, पाठीला लावली, श्वास घ्या, सोडा म्हणाली. तिच्या कपाळावर जराशी आठी आली, मला दिसली. "घरघर आहे थोडी. कामावर खाडे होतात का या त्रासामुळे?"

"एकही नाही."

"नक्की?"

"महिन्यात शून्य."

आठी गेली. मी पाहिली जाताना. मी टेबलाची कड धरली आणि म्हटलं, "बाई, ऐका माझं. तो खरं सांगणार नाही. मीच त्याला असं वाढवलंय. पाया पडते, तातडीचा फोटो काढा त्याच्या छातीचा."

"आजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच मऊ होता, "पेशंट शुद्धीवर आहे, मोठा आहे, स्वतः सांगतोय. मी त्याचं ऐकायला नको का? तातडीच्या कागदावर मला कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

मी लेकाकडे पाहिलं. म्हटलं, सांग रे. एकदा सांग. तो जमिनीकडे पाहत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या तशा. पण तोंड मिटलेलं. बापाचं होतं तसंच, आणि माझंही तसंच असणार.

तिने पांढरा कागद लिहिला. साधा. खोकल्याचं औषध आणि छातीचा फोटो, सात आठवड्यांनंतरची तारीख. तारखेवर शिक्का घ्यायला तिसऱ्या मजल्यावर जायचं. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी.

पहिला जिना तो नीट चढला. दुसऱ्याच्या वळणावर थांबला. तिथे भिंतीवर आग विझवायचा लाल डबा टांगलेला होता आणि शेजारी सूचनांचा तक्ता. लेक तो वाचायला लागला. वर्तमानपत्र फुकट मिळालं तरी न वाचणारा माझा लेक, एक हात कठड्यावर, मान वर करून एकेक ओळ वाचत होता. गळ्याची शीर उडत होती.

खालून माणसं चढत होती, आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. एक जण म्हणाला, "चला हो, रस्त्यात काय थांबलात?" मला त्याला बोलायचं होतं. माझ्याकडे बोलायला पुष्कळ असतं.

"काय लिहिलंय रे?" मी लेकाला विचारलं.

त्याने थांबून दोन श्वास घेतले. "आधी... पिन ओढायची," म्हणाला.

"मग?"

"थांब. वाचतोय."

"वाच," मी म्हटलं. एक पायरी खाली उतरले, मागे कोणी ढकलू नये म्हणून आडवी उभी राहिले, आणि तो तक्ता संपेपर्यंत मीही अक्षर अक्षर जुळवत वाचत राहिले.